बाभळीत फसलेली मशीन

आमच्या न्हाणीमागे टिनाच्या छपराखाली एक नारंगी मशीन पडली आहे. लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी, साखळीची. तिच्याजवळून गेलो तरी मला मळमळतं. शिळं पेट्रोल, खवट तेल आणि ओल्या भुशाला आलेली बुरशी, या तिघांचा मिळून जो वास येतो तो एकदा नाकात शिरला की जेवणापर्यंत जात नाही. बायको नाकाला पदर लावून तिकडून जाते आणि मला ऐकू येईल इतपत पुटपुटते. तिचं बरोबरच आहे.

मी सरकारी शाळेत गुरुजी होतो. निवृत्त झालो आणि राळेगावातल्या घरात बसून मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागलो. एका व्हिडिओत एक गोरा माणूस कानावर डबडी लावून हे जाडजूड खोड लोण्यासारखं कापत होता. मला वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. ज्याने जन्मभर सायकलचं पंक्चरसुद्धा दुसऱ्याकडून काढून घेतलं, त्या माणसाला हे वाटलं, यातच सगळं आलं. नावाजलेल्या कंपनीची मशीन महाग, म्हणून जिचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशी स्वस्तातली मागवली.

खोक्यातून मशीन निघाली, साखळी निघाली, एक गोल कानस, एक पाना, पेट्रोल आणि ऑइल मिसळायची खुणांची बाटली निघाली. सोबतचा माहितीचा कागद कोणत्या भाषेत होता हे मी इतकी वर्षं मुलांना भाषा शिकवूनही सांगू शकत नाही. मी साखळी चढवली ती उलटी. दात मागे तोंड करून. दोरी ओढ ओढ ओढली, वीस-पंचवीस वेळा, मग कळलं की बटण बंद आहे. मग सुरू झाली आणि अंगणातल्या निंबाच्या फांदीवर टेकवली, तर फांदी कापायचं नाव नाही, नुसता धूर. कुंपणाच्या भिंतीवरून पाच-सहा डोकी बघत होती. त्यातलं एक म्हणालं, "गुरुजी, फांदी कापून राह्यले का भाजून राह्यले?"

त्या दिवशी शहाणा झालो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मी पेटलो. महिनाभर न्हाणीमागे मशीन मांडून बसलो. साखळी सुलटी केली. ती किती ताणायची ते शिकलो. बोटाने ओढली तर थोडी उचलली पाहिजे, लोंबली नाही पाहिजे. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायला शिकलो. पेट्रोल जास्त आत गेलं की प्लग ओला होतो, मग तो काढायचा, पुसायचा, दोरी चार वेळा रिकामी ओढायची आणि प्लग परत लावायचा. हवेची गाळणी साबणाच्या पाण्यात धुवायची. नखांत काळं, बनियनवर काळं, पोळीच्या घासालाही पेट्रोलचा वास. मला स्वतःचीच घाण वाटायची आणि तरी मी ताठ मानेने चौकातून फिरायचो. आमच्याकडे घरोघरी फवारणीचे, पेट्रोलवर चालणारे पंप असतात, त्यामुळे इंजिनाची गोष्ट निघाली की प्रत्येकाला बोलायचं असतं. मी कुणाला बोलू द्यायचो नाही.

पोळ्याला ताई आली होती. माझी मोठी बहीण. तिचं गाव राळेगावपासून मोटरसायकलने पाऊण तासावर. भाऊजी गेल्यापासून शेत तीच पाहते. तिला मी मशीन सुरू करून दाखवली, निंबाच्या दोन फांद्या पाडल्या आणि म्हणालो, "आता तुले लाकडासाठी कोणाच्या मिनत्या करायचं काम नाई. एक फोन कर फक्त." ती कौतुकाने हसली. तिने पदराने माझ्या कपाळावरचा भुसा पुसला. साठी ओलांडलेल्या माणसाचं कपाळ!

ताईच्या शेतात त्या वर्षी सोयाबीन होतं. साधं विकायचं नव्हे, बियाण्याचं. तीन वर्षं ती एकाच जातीचं जपत होती. फुलोऱ्याच्या दिवसांत ओळीओळीने फिरायची, सगळी फुलं जांभळी असताना एखाद्या झाडाला पांढरं फूल दिसलं की ते झाड मुळासकट उपटून टाकायची. गुडघे दुखत असताना. गावातल्या बायकांनी तिला सांगून ठेवलं होतं की पुढच्या पेरणीला दुकानातून पिशवी आणायची नाही, तुझंच बियाणं पेरायचं. माझ्या बहिणीला आयुष्यात कुणी कधी कशाबद्दल विचारलं नव्हतं. आता बायका तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि पेरणीचं विचारायच्या. सोयाबीनच्या बियाण्याचं एक असतं. कापल्यावर त्याला एकदा पाणी लागलं की संपलं. तेलासाठी व्यापारी पडेल भावात नेतो, पण पेरायला ते मेलेलं असतं.

दसरा झाल्यावर तिने सोयाबीन कापलं आणि शेतातच त्याची गंजी घातली. मळणीसाठी थ्रेशरवाल्याकडे नंबर लागला होता. आदल्या संध्याकाळी वावटळ सुटली आणि तिच्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीत मोठी बाभूळ आडवी झाली. पांदण खोल, दोन्हीकडे मातीचे उंच काठ. बाभूळ या काठावरून त्या काठावर पडलेली. बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही, काही जाणार नाही. रात्री ताईचा फोन आला. थ्रेशरवाला म्हणाला होता, उद्या-परवा दोन दिवस याच शिवारात आहे, रस्ता मोकळा झाला की सांगा, ते दोन दिवस झाले की मी दुसऱ्या गावाला जातो.

"तू काही कोणाले बोलावू नको," मी म्हणालो. "सकाळी येतो. घंट्याभराचं काम आहे."

सकाळी मशीन पोत्यात गुंडाळून, मोटरसायकलला बांधून निघालो. पोहोचेपर्यंत उन्हं चांगली वर आली होती. आकाश स्वच्छ होतं. गंजी लांबून दिसत होती, वर जुनी ताडपत्री, तिच्यावर दगड. ताई पांदणीत बाभळीच्या बुंध्याशी उभी होती. मी टॉवेल कमरेला बांधला, व्हिडिओतल्या माणसासारखे पाय फाकले आणि दोरी ओढली. मशीन बोलली नाही. प्लग काढला, पुसला, लावला. पेट्रोल पोळ्यापासून टाकीत पडलेलं होतं, ते ओतून टाकलं, नवं भरलं. चाळीसाव्या की पन्नासाव्या झटक्याला ती सुरू झाली. मी बारकी फांदी धरली, अर्धी कापली, आणि साखळी जागच्या जागी थांबली. इंजिन ओरडतंय, साखळी हलत नाही. मग धूर. मग जळक्या पापडासारखा वास.

हा वास कशाचा, ते मला तिथेच कळलं. साखळी ज्या लोखंडी पट्टीवरून फिरते तिला सतत तेल लागतं, त्यासाठी मशीनला वेगळी टाकी असते. तिचं तेल राळेगावात मिळेना. बसस्टँडमागचा मिस्त्री म्हणाला होता, गाडीचं जळकं ऑइल टाका. टाकलं, तर पहिल्याच दिवशी त्याचे काळे शिंतोडे बायकोच्या दोरीवर वाळत घातलेल्या पातळांवर उडाले. त्यावरून घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मग मीच डोकं चालवलं. घरात जवसाचं तेल होतं, घाण्यावरचं, शुद्ध, पिवळंधमक. टाकीत ओतलं. काय सुरेख चालली मशीन! सगळ्या अंगणात सणासारखा वास. मी ती तशीच पुसून ठेवून दिली, दीड महिना.

जवसाचं तेल वाळतं. ते वाळून कडक होतं, म्हणून तर आमचे वडील कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बैलांच्या जुवाला ते चोळायचे. लहानपणी मी स्वतः फडकं घेऊन चोळलेलं आहे. आठवड्याने दांडा कसा गुळगुळीत कडक होतो ते बोटाने पाहिलेलं आहे. आणि शाळेत मुलांना वंगणाचा धडा शिकवणाऱ्या या गाढवाने तेच तेल मशीनमध्ये ओतून दीड महिना वाळत ठेवलं. पट्टीच्या खाचेत, साखळीच्या प्रत्येक कडीत, तेलाच्या बारीक भोकात, सगळीकडे पिवळा, चिकट, डिंकासारखा थर. नखाने खरवडला तर नखात अडकला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाई. थोडी सर्व्हिसिंग लागते तिले," मी म्हणालो. जवसाचं तिला सांगितलं नाही. तेल तिनेच पाठवलेलं होतं.

परत राळेगाव. बसस्टँडमागच्या मिस्त्रीने पट्टी खोलली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, याच्यात भजे तळले का?" टपरीवरचे सगळे हसले. त्याने डिझेलमध्ये साखळी भिजत घातली, तेलाचा छोटा पंप काढून तारेने भोक कोरलं. माझ्या अंगाचा नुसता संताप होत होता. मिस्त्रीवर नव्हे, त्या पिवळ्या डिंकावर, त्याच्या वासावर, तो हाताला चिकटून साबणाने निघत नव्हता त्यावर. मिस्त्री म्हणाला, "सुबे को मिलेगा. और गुरुजी, झाड दोन्ही टोकाइवर टेकलं असलं तं खालून कापा. वरून कापसान तं पट्टी फसते." मी म्हणालो, "मालूम आहे मले." मालूम होतंच. व्हिडिओत पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा वर्ध्याकडच्या बाजूने ढग चढत होते. ताईने चहा आणला. मी घाईत घोट घेतला तर तिने हळूच विचारलं, "भाऊ, पोडावरच्या त्या दोघा भावाइले सांगू का? कुऱ्हाडी घेऊन येतीन." टेकडीखाली कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती आहे, तिथले ते दोघे; आसपासच्या सगळ्या गावांचं लाकूड तेच तोडतात.

"घरची मशीन असताना कुऱ्हाड कायले?" मी खेकसलो. "तुह्या भरोसा नाई का माह्यावर?"

"तसं नाई म्हणत मी," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

मशीन खरंच चालली. फांद्या भराभर उतरल्या. मी बुंध्याला हात घातला आणि बोटभर आत जातो तो ठिणग्या उडाल्या. भाऊजींनी कधी काळी या बाभळीला कुंपणाची तार ठोकली होती, झाडाने ती पोटात घेतली होती. साखळीचे दात बोथट. आता भुशाचे जाड कण पडायच्या ऐवजी पिठासारखी भुकटी पडायला लागली. मी बांधावर बसून कानस घेतली आणि एकेक दात घासू लागलो. घाईत होतो. एका बाजूचे दात जास्त घासले गेले, दुसऱ्या बाजूचे कमी. परत लावली तर काप सरळ जायच्या ऐवजी वाकडा, कोयत्यासारखा जायला लागला. डोळ्यांत भुकटी, तोंडात तेल, पाठीवर बाभळीचे काटे. थ्रेशरवाल्याचा माणूस येऊन बघून गेला. जाताना त्याने ढगाकडे बघितलं.

खालून कापायचं होतं. पण खाली पांदणीत पावसाळ्यातला न वाळलेला चिखल होता, काटे होते, गुडघ्यावर बसून अर्धं अंग आत घालावं लागलं असतं, आणि मला त्या चिखलाची किळस आली. खरं तेच सांगतो. मला चिखलात बसायचं नव्हतं. मी वरूनच कापत गेलो. अर्ध्यावर गेलो आणि बुंधा मधोमध खाली दबला, कापाची फट मिटली, आणि पट्टी साखळीसकट आत गच्च चावली गेली. इंजिन बंद पडलं. ओढली, हलवली, लाथ मारली. दोरी बांधून ताई आणि मी दोघांनी ओढली. ती नारंगी वस्तू खोडाला गोचिडासारखी चिकटून बसली.

मग पाऊस आला. परतीचा, जाड थेंबांचा, वारा घेऊन. ताई गंजीकडे पळाली. मी तिच्या मागे पळालो. ताडपत्रीचा एक कोपरा सुटला होता, तो आम्ही धरून ठेवला, पण काळ्या जमिनीत पाणी खालून येतं. गंजीखालून पाण्याचे ओघळ निघताना मी पाहिले. ताई ताडपत्री धरून उभी होती. "जाऊ दे," ती म्हणाली, "तू घरात जाय, सर्दी होईन तुले."

दोन दिवस, दोन रात्री पाऊस पडला. थ्रेशरवाला दुसऱ्या गावाला गेला. मी ताईकडेच राहिलो. तिसऱ्या दिवशी उघाड पडली तेव्हा आम्ही गंजीत हात घातला. आत गरम होतं, भट्टीसारखं गरम, आणि आंबलेला वास, नासलेल्या दुधाच्या पातेल्याला येतो तसा. शेंगा तडकून आतल्या दाण्यांना पांढरे मोड फुटले होते. चिकट, अळीसारखे मोड. मी मूठभर बाहेर काढून बघितले आणि हात झटकला. ताईने झटकला नाही. ती शेंगा उचलून उचलून बांधावर पसरत होती. कुठे एखादी कोरडी सापडते का ते बघत होती.

पोडावरचे दोघे भाऊ त्या दिवशी कुणी न बोलावता आले. मोठ्याने बाभळीत चावलेली माझी मशीन पाहिली, हसला नाही. त्याने धाकट्याला एका बाजूने उभं केलं, स्वतः दुसऱ्या बाजूने उभा राहिला. दोन कुऱ्हाडी, आळीपाळीने, एक खाली आली की दुसरी वर. मी बांधावर बसून घाव मोजत नव्हतो, पण फार वेळ लागला नाही. लाकडाच्या चिलपट्या उडत होत्या, गुलाबी, ओल्या, सुंदर. बुंध्याचा तुकडा सुटला, त्यांनी तो काठाला लोटला. मशीन चिखलात पडली.

मी त्यांना पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पाऊस मधे आला, नाहीतर त्याच दिवशी झालं असतं. तुम्हाले आधी बोलावलं असतं तं बरं झालं असतं."

मोठा भाऊ पाणी पिऊन तोंड पुसत म्हणाला, "आलतो ना आमी. झाड पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता. कुऱ्हाडी घेऊनच आलतो. बाई म्हणे, राहू द्या. माह्या भाऊ मशीन घेऊन येऊन राह्यला, तुमी तोडून टाकसान तं त्याले वाईट वाटीन."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. रिकामा तांब्या मला दिला आणि दोघे निघून गेले.

मी तांब्या घेऊन बांधावर गेलो. ताई वाकून शेंगा पसरत होती. बोटांना मोड चिकटले होते, ती ते पातळाला पुसत होती. मला तिला ओरडावंसं वाटलं. तीन वर्षांचं बियाणं, गावातल्या बायकांना दिलेला शब्द, आणि ते तिने माझ्या तोऱ्यासाठी अडकवून ठेवलं. 

"तू त्याइले परत काहून पाठवलं?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. "तू फोनवर कसा खूश होता," ती म्हणाली. "मले वाटलं, एका दिवसानं काय होते."

त्या क्षणी माझ्या अंगाचा, तोंडाचा, हातातल्या तांब्याचा, सगळ्याचा मला असा वीट आला की तिथेच चिखलात बसलो. ताई म्हणाली, "कपडे खराब होतीन ना भाऊ." मी उठलो नाही. तिच्या बाजूला बसून शेंगा पसरायला लागलो. संध्याकाळपर्यंत पसरत होतो. कोरडी एकही सापडली नाही. अंधार पडताना गावातल्या दोन बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच ताई त्यांना म्हणाली, "माह्यंच चुकलं व बायाहो, मीच ताडपत्री नीट बांधली नाई."